माझं नाव नको

जिल्ह्याच्या गावी एका दैनिकात मी दीड वर्ष क्राइम रिपोर्टर होतो. रोज संध्याकाळी पोलीस ठाण्याची फेरी. ठाणे अंमलदाराकडून दिवसभरातले गुन्हे लिहून घ्यायचे आणि मग बाहेरच्या टपरीवर चहा. खरी बातमी टपरीवरच मिळायची. एका मुलीच्या वडिलांची तक्रार तीन दिवस नोंदवूनच घेतलेली नाही, हे मला एका हवालदारांनी तिथेच सांगितलं. सांगून झाल्यावर एवढंच म्हणाले, "माझं नाव नको."

बातमी छापून आली, तक्रार नोंदवली गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून विचारलं, "कोण बोललं?" मी सांगितलं नाही. आपण शब्द पाळला, असं वाटून त्या रात्री मला शांत झोप लागली.

पुढे सॅली मरर यांची हकीकत वाचली आणि ती शांतता गेली.

मरर या इंग्लंडमधल्या 'मिल्टन कीन्स सिटिझन' या छोट्या स्थानिक वृत्तपत्राच्या वार्ताहर. मार्क कर्नी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याशी त्यांची जुनी ओळख. पोलीस खात्याने आपल्याच या अधिकाऱ्याच्या गाडीत चोरून माइक बसवला आणि दोघांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मे २००७मध्ये मरर यांना अटक झाली. घराची झडती, कपडे उतरवून अंगझडती, कोठडी. आरोप असा की, सार्वजनिक पदाचा गैरवापर करायला त्यांनी अधिकाऱ्याला मदत केली. हा इंग्लंडमधला जुना, संसदेने न केलेला, न्यायालयीन निकालांतून घडलेला गुन्हा. त्याला कमाल शिक्षा जन्मठेपेची.

खटला दीड वर्ष लोंबकळला. नोव्हेंबर २००८मध्ये किंग्स्टन क्राउन कोर्टाचे न्यायाधीश रिचर्ड साउथवेल यांनी ते ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून नाकारलं. युरोपीय मानवी हक्क कराराचं १०वं कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं आहे. पत्रकाराने सूत्राशी केलेलं बोलणंही त्यात येतं. पुरावाच उरला नाही आणि दोघंही सुटले.

इथे संपलं असतं तर ही विजयाची गोष्ट झाली असती. पण २०११मध्ये लंडन पोलिसांनी 'ऑपरेशन एल्व्हडेन' सुरू केलं. अधिकाऱ्यांना पैसे देऊन बातम्या मिळवल्याचा हा तपास. पैसे देऊन माहिती काढणं मला समर्थनीय वाटत नाही; तो भ्रष्टाचारच. पण इथे सूत्रांची नावं पत्रकारांनी फोडली नव्हती. फोन हॅकिंगच्या प्रकरणात अडकलेल्या त्यांच्या मालक कंपनीनेच अंतर्गत ईमेल पोलिसांकडे सुपूर्द केले होते.

'सन'चे क्राइम रिपोर्टर अँथनी फ्रान्स यांना मे २०१५मध्ये दोषी ठरवलं गेलं. ऑक्टोबर २०१६मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्यांना माहिती विकणारा हीथ्रो विमानतळावरचा पोलीस मात्र आधीच दोन वर्षांसाठी तुरुंगात गेला होता. एप्रिल कॅसबर्न या वरिष्ठ पोलीस अधिकारी. त्यांनी एका वृत्तपत्राला फोन केला होता. पैसेही मिळाले नाहीत, बातमीही छापली गेली नाही. तरी २०१३मध्ये त्यांना १५ महिन्यांची कैद झाली. एल्व्हडेनमधले बहुतेक पत्रकार अखेर निर्दोष सुटले. तुरुंगात गेली ती मुख्यतः बोलणारी माणसं.

तिसरा प्रसंग आणखी साधा. सप्टेंबर २०१२मध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या फाटकावर सायकलवरून निघालेल्या एका मंत्र्याची पोलिसांशी बाचाबाची झाली आणि 'सन'ने ती छापली. सूत्र शोधायला पोलिसांनी राजकीय संपादक टॉम न्यूटन डन यांचे कॉल रेकॉर्ड मागवले. ना अटक, ना झडती. परवानगी पोलिसांतलाच वरिष्ठ देत असे, न्यायाधीश लागत नसे. हे २०१४मध्ये उघड झालं आणि ओरड झाल्यावर २०१५मध्ये नियम बदलला.

आपल्याकडे काय? १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यानुसार सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, पण ती फक्त कौन्सिलसमोरच्या कामकाजात. न्यायालयात हे संरक्षण नाही. ते द्यावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९८३मध्ये आपल्या ९३व्या अहवालात केली होती. २०२३मध्ये पुराव्याचा कायदा नव्याने लिहिला गेला, त्यातही ती तरतूद आली नाही. १९२३चा गोपनीयता कायदा मात्र शाबूत आहे. २६/११नंतर घेतलेली शस्त्रं सीएसटीवरच्या गळक्या खोलीत ठेवली आहेत, या बातमीवरून मुंबईच्या एका पत्रकाराला २०११मध्ये याच कायद्याखाली अटक झाली होती.

मी साहेबांसमोर गप्प बसलो होतो, तेव्हा माझ्या खिशातल्या फोनमध्ये आदल्या दिवशीचे हवालदारांचे दोन कॉल होते. ते कोणी मागवले का, मला कधीच कळलं नाही. त्यानंतर हवालदार टपरीवर यायचे थांबले. ठाण्यात दिसले की नुसती मान हलवायचे. मीही कधी विचारलं नाही. पण त्या पोलीस ठाण्यात नंतर कुणाकुणाच्या तक्रारी नोंदवल्याच गेल्या नाहीत, हे सांगणारं मला कुणी उरलं नव्हतं.