उपस्थित मतदाराचा कायदा आणि गैरहजर मतदार : बारामती-इंदापूर ऊसपट्ट्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा संस्थांची स्थापना, आरक्षण आणि सत्तांतर या अंगांनी लिहिला गेला आहे. मतदाराने मतदानाच्या दिवशी नेमके कोठे असावे लागते, हा प्रश्न मात्र तांत्रिक समजून बाजूला ठेवला गेला. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. दरवर्षी हिवाळ्यात या दोन तालुक्यांच्या शिवारात असे हजारो प्रौढ नागरिक राहतात, ज्यांचे नाव येथील मतदार यादीत नसते आणि ज्या गावच्या यादीत असते तेथे ते नसतात. गैरहजर माणसाचे नाव कायद्याने जपले, परंतु त्याचे मत जपले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

बारामती व इंदापूर या दोन्ही नगरपालिका 1865 सालच्या. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 चा लोकल बोर्ड कायदा आला आणि 1920 च्या कायद्याने गावपंचायतीत निवडणुकीचे तत्त्व आणले. या काळातील मतदार हा घर, जमीन वा कर यांनी गावाशी बांधलेला पुरुष होता. तो गावात असणारच, हे गृहीत धरण्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. प्रौढ मताधिकार आल्यावर मतदार बदलला, गृहीतक तेच राहिले. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958, जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 आणि 73 व्या घटनादुरुस्तीनंतर 1994 मध्ये स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग, या सर्व टप्प्यांतून ते पुढे आले.

दरम्यान या भागाचे अर्थकारण पार पालटले होते. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. 1930 च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले. 1950 च्या दशकात माळेगाव व भवानीनगर, पुढे सोमेश्वर, आणि नंतर इंदापूर तालुक्यातील इतर सहकारी कारखाने निघाले. ऊस येथला, कारखाना येथला. तोडणारा कोयता मात्र बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) यांसारख्या जिल्ह्यांतून येतो. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडाजवळच्या कोपीत राहतात.

गैरहजर मतदाराचे कायद्यातील स्थान :

ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 20 नुसार तात्पुरत्या गैरहजेरीमुळे कोणी ‘सामान्यतः रहिवासी’ असण्याचे थांबत नाही. तरतूद न्याय्य आहे. तिच्यामुळेच तोडणी कामगाराचे नाव त्याच्या गावी टिकते. परंतु मत द्यायचे तर केंद्रावर जाऊन, ओळख पटवून, बोटाला शाई लावून घेऊनच द्यावे लागते. टपाली मतपत्रिका स्थानिक निवडणुकांत मुख्यतः निवडणूक कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांसाठी असते. 85 वर्षांवरील मतदारांना 2024 मध्ये मिळालेली घरून मतदानाची सोय लोकसभा व विधानसभेची आहे. शासनाच्या कामासाठी केंद्रापासून दूर असणाऱ्याची गैरहजेरी कायद्याला समजते. पोटासाठी दूर असणाऱ्याची समजत नाही.

यात निवडणुकीच्या तारखेची भर पडते. एप्रिल ते जून 2020 मध्ये मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींच्या निवडणुका कोविडमुळे लांबल्या आणि राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींचे मतदान 15 जानेवारी 2021 रोजी ठरले. पुढची मोठी फेरी 18 डिसेंबर 2022 ची. दोन्ही तारखा ऐन गाळपातल्या. 2024 च्या विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला आणि हंगामाचा प्रारंभ 15 नोव्हेंबरला असा योग आला, तेव्हा या प्रश्नाची राज्यभर चर्चा झाली. ग्रामपंचायतीच्या वेळी तेवढी झाली नाही. वास्तविक फरक तेथेच अधिक पडतो. प्रभागात काही शेकडा मते असतात, पाच-दहा मतांनी निकाल फिरतो, समान मते पडली तर चिठ्ठी टाकावी लागते. 2017 मध्ये आलेली, 2020 मध्ये रद्द झालेली व 2022 मध्ये पुन्हा आणलेली सरपंचाची थेट निवडणूक लक्षात घेतली, तर गावाबाहेर असलेल्या वीस-पंचवीस कोयत्यांचे मोल कोणाही उमेदवाराला सांगावे लागत नाही.

म्हणून उमेदवार गाडी पाठवतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123 ने विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवाराने मतदारांची अशी वाहतूक करणे भ्रष्ट आचार ठरवले आहे. गावपातळीवर मात्र ती जणू सोयच मानली जाते. गाडी कोणाची, टोळीतील किती जण जाणार, बुडालेल्या खाड्याचे काय, हे मुकादमाशी बोलून ठरते. टनावर मजुरी घेणाऱ्याला मतदानाची सुट्टी म्हणजे बुडालेला दिवस. गुप्त मतदानाची हमी केंद्राच्या आत कायम असली, तरी केंद्रापर्यंतचा प्रवास मात्र दुसऱ्याच्या हाती असतो. माझ्या मते मूळ दोष येथे आहे, मतदानाच्या टक्केवारीत नव्हे.

सहकारातही मत जातीने हजर राहूनच द्यावे लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 चे कलम 27 प्रतिनिधीमार्फत मतदान मान्य करत नाही. तेथे सभासद हा जवळपासचा ऊस उत्पादक असल्याने अडचण येत नाही. (कारखान्याची निवडणूक या भागात विधानसभेच्या ईर्ष्येने लढवली जाते, हे येथील प्राध्यापकवर्गाला वेगळे सांगायला नको.) त्याच कारखान्याला ऊस पोहोचवणारा तोडणी कामगार तेथे सभासद नसतो, येथील ग्रामपंचायतीत मतदार नसतो आणि स्वतःच्या गावी हजर नसतो.

केंद्रीय निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. एका यंत्रावर 72 मतदारसंघ हाताळण्याची तिची क्षमता सांगितली गेली. अनेक पक्षांनी आक्षेप घेतले आणि विषय मागे पडला. ग्रामपंचायतीसाठी एवढ्या यंत्राची गरजही नाही. तेथे टपाली मतपत्रिकेचा वर्ग वाढवणे किंवा तारीख गाळपाबाहेर नेणे हे राज्याच्या कक्षेतील उपाय आहेत. गैरहजर कोण हे कळत नाही, ही सबबही आता पुरती टिकत नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार महामंडळाच्या योजनेत कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचे काम ग्रामसेवकाकडे दिले आहे, आणि प्रभागाची मतदार यादी त्याच ग्रामपंचायत कार्यालयात लागते.