भांडाराचे दार

भीमाकाठच्या जुन्या गावांतून देवाचे दागिने बहुधा देवळात राहत नसत. उत्सवाच्या आदल्या दिवशी ते पाटलाच्या किंवा पुजाऱ्याच्या घरून वाजतगाजत यावयाचे आणि पालखी झाली की परत जावयाचे. चांदीचा मुखवटा, टोप, कंबरपट्टा, एखादी बोरमाळ, पुष्कळदा एवढेच ते धन. परंतु ते साऱ्या गावाचे. तेव्हा ज्या खोलीत ते राही, त्या खोलीच्या दाराची हकिकत ही देवळाच्या इतिहासाचाच भाग होय.

करमाळा, माढा, इंदापूर, कर्जत या तालुक्यांतील जुनी घरे पांढऱ्या मातीची व धाब्याची. मोठा वाडा असला तरी जोत्यापर्यंत दगड आणि वर बहुतेक माती. अशा घरात दार कितीही भक्कम केले तरी चोर दाराच्या वाटेला जातो कशाला? ‘घरफोडी’ हा शब्दच सांगतो की फोडावयाची ती भिंत. पहारीने माती उकरली तर फारसा आवाजही होत नाही. म्हणून जाणते लोक खजिन्याची खोली माजघराच्या पोटात घेत. तिची एकही भिंत बाहेरच्या अंगाला येऊ देत नसत. धाब्याला उजेडाचे भोकही तेथे ठेवीत नसत. दाराचा विचार यानंतरचा.

दार मुद्दाम ठेंगणे व अरुंद. आत शिरणाऱ्याला वाकावे लागे आणि जड पेटी घेऊन घाईने निघता येत नसे. चौकट सागाची, ज्यांना साग परवडत नसे ते बाभूळ किंवा लिंब वापरीत. लिंबाला वाळवी सहसा लागत नाही, ही मोठी सोय. चौकट भिंत उठतानाच बसवीत, म्हणजे तिची टोके भिंतीच्या पोटात खोल जात. मागाहून भोक पाडून बसविलेली चौकट ही नुसती टेकलेली असते, हे कोणताही जुना सुतार सांगेल. कवाडाला बिजागरी नसे. कवाडाच्या मागच्या कडेची वरची व खालची टोके गोल काढून ती उंबऱ्याच्या व वरच्या पट्टीच्या भोकांत बसवीत, म्हणून बाहेरून उचकटण्यास काही सापडत नसे. जाड फळ्यांना मागून आडव्या पट्ट्या, बाहेर फुलीचे खिळे, आणि खिळ्यांची टोके आतून ठोकून वळविलेली.

येथे एक गोष्ट सहज विसरली जाते. वाड्याच्या मोठ्या दरवाजाला भिंतीत सरकणारा अडसर असतो, कारण तो घालणारा माणूस आत असतो. खजिन्याच्या खोलीत माणूस नसतो. तिला कडी, कोयंडा आणि कुलूप एवढाच आधार, आणि कोयंडा उपटणे हे पहार हाती असलेल्यास अवघड नाही. म्हणूनच त्या दाराशी घरातल्या वडीलधाऱ्याचे अंथरूण असे. दाराने चोर अडत नाही, त्याला उशीर होतो. त्या उशिरात कोणीतरी जागे व्हावे लागते.

जागे होणारे गावही तसेच बांधलेले होते. जागल्यांची राखण होती आणि चोरीचा माग काढण्याची रीत होती. पावलांचा माग शेजारच्या शिवेवर नेऊन दिला की पुढची जबाबदारी त्या गावाची. ज्या गावात माग हरवे त्याने नुकसान भरून द्यावे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८१९ च्या अहवालात या व्यवस्थेची नोंद आहे.

सोन्याइतकेच कागदही त्या खोलीत जपले जात. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे कुणबी उठले व दंगल इंदापूर, कर्जतपर्यंत पसरली. लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या खतांवर व वह्यांवर होता. ती हाती घेऊन जाळली गेली. सारा गाव समोर उभा राहिल्यावर कोणत्या कवाडाचा काय उपयोग? १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात सोलापूर जिल्हाही होता.

पुढे १९६६ साली उजनी धरणाची पायाभरणी झाली, १९८० साली धरण पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या यशवंतसागराखाली जुनी गावठाणे गेली. लोकांनी तुळया, खांब, चौकटी उतरवून बैलगाड्यांतून नव्या गावठाणात नेल्या. माती तेवढी मागे राहिली. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले तेव्हा पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडले आणि लोक ते पाहावयास लोटले. कुगावच्या इनामदार वाड्याच्या भिंतीही पाणी आटले की अशाच वर येतात.

नव्या गावी जुनी सागवानी दारे बसली खरी, पण नऊ इंची विटेच्या भिंतीत. घरे आखलेल्या भूखंडांवर, एकमेकांपासून सुटी. माजघराचे पोट गेले, दाराशी झोपणारे म्हातारे माणूसही गेले. देऊळ पुष्कळ ठिकाणी वस्तीच्या कडेला आले. हे नुकसान कोणत्याही मोबदल्याच्या यादीत धरलेले नव्हते.

दाराऐवजी लपविण्याचाही एक मार्ग आहे. पंढरपुरास मे २०२४ अखेर श्रीविठ्ठल मंदिराच्या कामात दगडी फरशीखाली एक तळघर सापडले आणि त्यातून काही दगडी मूर्ती निघाल्या. पण देवाचे दागिने वर्षातून दोनदा मिरवले जातात, ते गुप्त कसे राहावे? रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ साली बागेत जमिनीखालच्या तांब्याच्या पेटीत गणेशाचा सोन्याचा मुखवटा सापडला. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना ठार करून तो पळविला व सोने वितळविले. जमिनीने राखले ते मिरवू लागल्यावर पंधरा वर्षांतच गेले.

ज्या गावी जीर्णोद्धार होत आहे तेथे भांडाराची खोली आताच आखावी. शिखर झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात काढू नये. भिंत व छत सळईच्या काँक्रीटचे, खिडकी नाही, बाहेरची भिंत शक्यतो नाही. लोखंडी चौकटीचे पाय काँक्रीट ओततानाच आत धरावेत. बिजागरी कापली तरी दार निघू नये म्हणून त्या बाजूस कवाडाला पक्के खुंटे ठेवावेत, दार लागताच ते चौकटीच्या भोकांत बसतात. कोयंडा व टांगते कुलूप नकोच. आत बसविलेले, वर, खाली व बाजूस दांडे सरकविणारे कुलूप घ्यावे. गॅसकटरने पत्रा कापणारे चोर आता आहेत, म्हणून दोन पत्र्यांमध्ये काँक्रीट भरलेले कवाड बरे. धरणाच्या दमट हवेत वह्या व वस्त्रे खराब होतात. हवेसाठी भिंतीत वाकडे नळ ठेवावेत. एवढे करणे झेपत नसेल तर बँकेचा लॉकर स्वस्त पडतो.

दोन किल्ल्या, दोन माणसे, आणि दोघे मिळूनच दार उघडणे ही बँकांची जुनी पद्धत. एक विश्वस्तांकडे व एक पुजाऱ्याकडे असावी. १९५० च्या कायद्याने न्यासाच्या मालमत्तेची नोंद आवश्यक आहे. दागिन्यांचे वजन व छायाचित्र त्या नोंदीजवळ ठेवावे. देणगी देणाऱ्यांनीही ती नोंद मागून पाहावी, त्यात कोणाचा अपमान नाही. आणि कोणाच्या घरी जुन्या गावच्या खोलीची चौकट अजून असेल तर ती भांडाराच्या बाहेरच्या अंगाला अवश्य लावावी. आतले दार मात्र लोखंडाचेच असावे.