पुण्याचा 'राजी' आणि खेळाडूंचा कौल
'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने बनवला. 2017 साली लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. ऑगस्ट 2020 मध्ये तो प्रथम हातात धरून खेळता येणाऱ्या निन्टेन्डो स्विचवर आला. ऑक्टोबरमध्ये संगणक व इतर यंत्रांवर.

कथा डोंबाऱ्याचे खेळ करणाऱ्या राजीची. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला ती निघते. दुर्गा आणि विष्णू तिची हकिगत सांगत राहतात. राजस्थानी वाड्यांची धाटणी, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांतून उलगडणाऱ्या पुराणकथा यांवर खेळाडू मनापासून लुब्ध झाले. ते रास्तच होते. आपल्या देवदेवतांना परक्या नजरेतून पाहण्याची सवय लागलेल्या भारतीय खेळाडूंना इथे घरचे रंग दिसले.

तक्रारीही खऱ्या होत्या. लढाईचे डाव लवकर एकसुरी वाटतात, खेळ काही तासांत संपतो आणि शेवट अर्ध्यावर तुटतो. मनसोक्त भटकायला मोकळे जग शोधणाऱ्यांना आखून दिलेली वाट अपुरी वाटली. इतक्या लहान चमूने विस्तारापेक्षा प्रत्येक दृश्याच्या रेखीवपणावर मेहनत घेतली, हा निर्णय मात्र योग्यच म्हणावा लागेल.

'द गेम अवॉर्ड्स 2020'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या विभागात 'राजी'ला नामांकन मिळाले. 2022 च्या सुधारित आवृत्तीत लढाई सफाईदार करून हिंदी संवादही देण्यात आले.