गच्चीवरचे अँटेना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. आपण डोंबिवलीत राहायला आलो १९८१ साली. तोवर हप्त्यावर टीव्ही घेणे मध्यमवर्गाला जमू लागले होते. जमत नव्हते ते चित्र! वरळीचा मनोरा इथून सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि वाटेत पारसिकचा डोंगर. दादर-परळला घरात ठेवलेल्या दोन दांड्यांवर भागायचे, आपल्याला मात्र गच्ची गाठावी लागे.

१९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि गच्चीवर पाइपांचे रान उगवले. दुकानदार अँटेना बसवून द्यायचा, पण पहिल्या वादळात तो फिरला की पुढचे आपले आपणच. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्या!" "आता?" "आलं, आलं... गेलं! अहो, होतं तिथेच ठेवा ना!" हा संवाद ज्याने ऐकला नाही तो सोसायटीचा जुना सभासद नव्हे.

असे करता करता लोक बरेच शिकले. मधली तारजोडणीची दांडी सव्वादोन मीटरच्या आसपास असते, कारण ती मुंबई केंद्राच्या लहरीच्या अर्ध्या लांबीची. तिच्यामागे थोडी लांब, पुढे थोड्या आखूड, आणि आखूड बाजू नैर्ऋत्येला, म्हणजे वरळीकडे. एका घरी दांडी वाकली म्हणून कापून सरळ केली, तर चित्र आणखी बिघडले. मुंग्या म्हणजे सिग्नल कमी. सावली म्हणजे सिग्नल दोन वाटांनी येतोय, एक सरळ आणि एक कुठल्या तरी इमारतीवर आपटून. तीनशे मीटर जादा चालून आलेली लहर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते, आणि वीस इंची पडद्यावर निवेदिकेच्या उजवीकडे पाऊण सेंटीमीटरवर दुसरी निवेदिका उभी राहते. तिथे बूस्टरचा उपयोग शून्य, कारण तो सावलीही तितकीच वाढवतो. तिथे अँटेना थोडा फिरवणे हाच उपाय. शिवाय लोक बूस्टर टीव्हीमागे लावत, म्हणजे लांबलचक वायरीत सिग्नल मरून गेल्यावर. तो वर, अँटेनापाशी हवा.

खरा घोटाळा चपट्या वायरीचा. ती पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधून खाली सोडली की चित्र फिके पडे, पावसात भिजली की आणखी फिके. वरच्या मजल्याला दहा-बारा फूट वायर, तळमजल्याला पन्नासच्या वर. तळमजल्यावरच्या काकू म्हणायच्या, "मेंटेनन्स सारखाच भरतो ना आम्ही?" मुद्दा बरोबर होता. पुढे गोल वायर आली आणि त्यांचा त्रास बराच कमी झाला.

२५ जानेवारी १९८७ ला रामायण सुरू झाले, आणि रविवारी सकाळी चित्र गेलेले कोणालाच परवडेना. त्या पावसाळ्याआधी गच्चीवर अकरा पाइप होते. प्रत्येकाने कोब्यात भोके पाडून क्लॅम्प ठोकलेले, आणि जुलैत तिसऱ्या मजल्यावर दोन घरांत पाणी ठिबकू लागले. त्यांतल्या एका घरी टीव्हीच नव्हता! सर्वसाधारण सभा साडेतीन तास चालली. गच्ची सर्वांची, मग भोकही सर्वांचे का? शेवटी ठराव झाला: गच्चीच्या स्लॅबला वा कठड्याला कोणीही भोक पाडू नये, पाइप टाकीच्या खांबांना पट्टीने बांधावेत. दुरुस्तीचा खर्च अकरा अँटेनावाल्यांनी वाटून घेतला. दोघांनी कुरकुर केली, पण भरले.

नव्वदनंतर केबल आली आणि अँटेना कावळ्यांना राहिले. नंतर भंगारवाल्याने अ‍ॅल्युमिनियम वजनावर नेले. दोन पाइप अजून आहेत, त्यांवर कपड्यांची दोरी बांधलेली आहे.

आता रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर चार डिश लागल्या आहेत. अँटेना वरळीकडे बघायचे, या आग्नेयेच्या आभाळात उपग्रहाकडे बघतात. त्यांना ना डोंगराची अडचण, ना दांड्यांचे माप. मात्र चारांपैकी दोन थेट कोब्यात बोल्ट ठोकून बसवल्या आहेत, आणि गेल्या वर्षीच्या वॉटरप्रूफिंगचे हप्ते अजून आपल्या मासिक बिलात लागून येतात. १९८७ चा ठराव कोणी रद्द केलेला नाही. मिनिट बुक ऑफिसच्या कपाटात आहे, सेक्रेटरींकडे मागितले तर बघायला मिळते.