बाळंतपणाच्या रजेची कुळकथा

इंदूरच्या स्नेहलतागंजातील एखाद्या नोकरदार घरात सून बाळंतपणाची रजा घेते, तेव्हा हा हक्क सरकारदरबारी आपोआप मिळाला असावा अशीच समजूत असते. पण त्याचे कुळ शोधू गेल्यास आपण मुंबईच्या गिरण्यांतील रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत येऊन पोहोचतो, जेथे कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका नायकिणीच्या, म्हणजे बायकांवरील मुकादमणीच्या, नजरेखाली उक्त्या मजुरीवर सूत गुंडाळीत, आणि खाडा म्हणजे उपास असल्यामुळे दिवस भरत आले तरी कामावर उभ्या राहत. तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवणाऱ्या त्या मातांना नावे ठेवणे सोपे होते. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे विचारणारे थोडे होते.

कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीला भरवलेल्या गिरणी कामगारांच्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुटी मंजूर झाली. बाळंतिणीच्या वाट्याला मात्र आणखी चार दशकांची प्रतीक्षा आली. कामगारनेते ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्रसूती भत्त्याचे विधेयक १९२५ साली फेटाळले गेले; पुढे मुंबई कौन्सिलात, म्हणजे प्रांतिक कायदेमंडळात, सदस्य आसवले यांनी तसेच विधेयक आणले, आणि जुलै १९२८ मध्ये, गिरण्यांचा प्रचंड संप चालू असतानाच, डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याने तिचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे हे मान्य करूनही, तिच्या श्रमाचा नफा घेणाऱ्या मालकाला जबाबदारीतून मोकळे करण्यास ते तयार नव्हते. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, दररोज आठ आणे.

परंतु सारा खर्च एकट्या मालकावर पडल्यामुळे बायकांना कामावर न घेण्याची वृत्ती बळावली, आणि रात्रपाळीची बंदी व यंत्रांची फेररचना यांची भर पडून पुढील दोन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील त्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. वर्गणीच्या सामाईक निधीतून हा भत्ता देण्याचा शहाणा उपाय १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने केला. आमच्या इंदुरातल्या नंदानगरातील विमा रुग्णालय हे त्याच योजनेचे फळ. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस. मात्र दहांहून कमी माणसे असलेल्या दुकानात राबणारी बाई आजही सामान्यतः या हक्काबाहेरच आहे, आणि हा अन्याय दूर करणे सरकारचे कर्तव्य आहे.