मायक्रोफोनसमोरची जबान

शाळेच्या संमेलनासाठी एका मुलीने म्हटलेली नज्म मी वर्गातच मोबाइलवर ध्वनिमुद्रित केली. घरी येऊन ऐकली, तर आधी पंखा ऐकू आला, मग मैदानावरची शिट्टी, आणि या दोहोंच्या मागे कुठेतरी ती मुलगी. वर्गात उभी असताना मला पंख्याचा आवाज जाणवलाही नव्हता. आपला कान नको ते गाळून टाकतो, मायक्रोफोन काहीच गाळत नाही. तिने ‘ख़’च्या जागी उच्चारलेला साधा ‘ख’ही त्याने जसाच्या तसा माझ्यासमोर ठेवला. मी उर्दू माध्यमात शिकवते आणि वर्गात तो माझ्याही कानातून निसटला होता!

नेमक्या याच दोन अडचणी आपल्या पहिल्या बोलपटापुढे उभ्या होत्या. अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याची गाणी, गर्दी, तिकिटांचा काळाबाजार यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तो आवाज फिल्मवर उतरला कसा, याची चर्चा मात्र कमी होते.

कंपनीचा स्टुडिओ केनेडी पुलाजवळ, रेल्वेमार्गाला लागून होता. आवाज बाहेर रोखून धरणाऱ्या भिंती तेव्हा कुठल्याच स्टुडिओला नव्हत्या. मूकपटाच्या काळात गाडी धडधडत गेली तरी कोणाचे काही बिघडत नसे. आता एका गाडीने अख्खे दृश्य वाया जाऊ लागले. म्हणून गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर काम सुरू व्हायचे आणि पहाटेची पहिली गाडी सुटण्याआधी आटोपायचे. मायक्रोफोन नटाच्या डोक्यावर धरण्यासाठी लांब दांडी असते, तीही नव्हती. कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, सामानसुमानात मायक्रोफोन दडवावे लागत. नटाने तोंड फिरवले की आवाज गेला. तलवारी फिरवत पडदा गाजवलेल्या माणसांना आता एका जागी उभे राहून, लपवलेल्या यंत्राकडे तोंड करून बोलायचे होते.

यंत्र ‘टॅनार’ नावाचे होते. ते जुळवायला विल्फर्ड डेमिंग हा परदेशी तंत्रज्ञ आला होता. त्याचा दिवसाचा मेहनताना १०० रुपये. तो परवडेना, तेव्हा इराणींनी त्याच्याकडून काम शिकून घेतले आणि रुस्तम भरुचा यांना हाताशी धरून ध्वनिमुद्रण स्वतःच केले. या यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उतरत. मायक्रोफोनमधून आलेल्या विद्युतलहरींनी प्रकाश कमीजास्त व्हायचा आणि फिल्मच्या कडेला त्याची बारीक पट्टी उमटायची. चित्राला फिल्म क्षणभर थांबावी लागते, आवाजाला ती अखंड सरकावी लागते. त्यामुळे एकाच क्षणाचे चित्र आणि आवाज फिल्मवर शेजारीशेजारी बसत नाहीत, काही चौकटींचे अंतर राहते. एखादे दृश्य कात्रीने तोडले, की पुढच्या वाक्याचा सुरुवातीचा तुकडाही त्याबरोबर जाण्याची भीती. संवाद नंतर पुन्हा बोलून चिकटवण्याची सोय नव्हती. गाणेसुद्धा तिथेच, त्याच वेळी. वझीर महंमद खान फकिराच्या वेषात गायले तेव्हा वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड बसलेले होते.

चूक दुरुस्त करता येत नाही म्हटल्यावर सगळा भार माणसाच्या जिभेवर आला. ‘आलम आरा’ची भाषा पारशी रंगभूमीवरची उर्दू. कथा जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून घेतलेली, आणि ते बेने इस्रायली, म्हणजे ज्या समाजाच्या घरात मराठी बोलली जाते त्यातले. नायिका झुबेदा ही फातमा बेगम यांची मुलगी, तिला तलफ्फुजची चिंता नव्हती. नायक मास्टर विठ्ठल, मराठी माणूस, मूकपटांचा लाडका तलवारबहाद्दर. त्याला मिळवण्यासाठी जुन्या कंपनीशी कोर्टात भांडावे लागले, आणि त्याच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले, अशी नोंद आहे. एवढे करून आणलेल्या नायकाची जबान मायक्रोफोनपुढे अडखळली. म्हणून त्याला बराच वेळ गुंगीत, न बोलता दाखवले, असे चित्रपटाचे इतिहासकार लिहितात.

हे वाचताना मला नेहमी थोडे चुकल्यासारखे वाटते. मराठी घरातल्या मुलाला ‘ज़’ जड जात नाही, कारण ‘जरा’, ‘जावई’ म्हणताना त्याच्या अगदी जवळचा आवाज तो घरीच शिकलेला असतो. अडतात ते ‘ख़’, ‘ग़’ आणि ‘क़’. आमच्याकडची कितीतरी मुस्लिम मुलेही इथेच अडतात, कारण त्यांच्याही घरची बोली मराठीच्या मांडीवर वाढलेली आहे. म्हणजे विठ्ठलला जो अडथळा आला तो धर्माचा नव्हता, सरावाचा होता. सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, या बगदादी ज्यू घराण्यातल्या. मूकपटांतल्या त्या सर्वांत मोठ्या तारका, पण बोलपट येताच हिंदुस्थानी शिकायला त्यांनी वर्षभर काम थांबवले आणि १९३२ मध्ये ‘माधुरी’च्या बोलपटातून परतल्या. विठ्ठलला कोणी वर्षाची सवड दिली नाही. पुढे मराठी बोलपटांत मात्र तो अनेक वर्षे काम करत राहिला.

त्याच १९३२ मध्ये कोल्हापुरात प्रभातने दुसरी वाट काढली. ‘अयोध्येचा राजा’ त्यांनी मराठीत चित्रित केला आणि पुन्हा सगळा हिंदीतही. दुर्गा खोटे, गोविंदराव टेंबे दोन्हींत. ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले यांच्याकडे होती आणि नेपथ्य त्यांचे जिवलग शेख फत्तेलाल, म्हणजे आपले साहेबमामा, यांच्याकडे. खर्च आणि मेहनत वाढली, पण कुणाची भाषा लपवायची वेळ आली नाही.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. २००३ मध्ये पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाला आग लागली तेव्हा ती तिथे जळाली अशी बातमी पसरली. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर सांगत आले की ती तिथे कधी पोचलीच नव्हती. गाण्यांच्या तबकड्याही त्या वेळी निघाल्या नाहीत. म्हणजे रात्र-रात्र जागून, गाड्यांच्या वेळा सांभाळून पकडलेला तो आवाज आपल्यापैकी कोणी ऐकलेला नाही, आणि विठ्ठलचे उच्चार खरेच किती बिघडले होते हेही आपण ऐकीव माहितीवरच ठरवतो. उरली आहेत ती काही छायाचित्रे. त्यांत विठ्ठल आणि झुबेदा एकमेकांजवळ आहेत.