गृध्रसी : एका शब्दातले गिधाड

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. वाकून कोयता चालवायचा आणि बांधलेली मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, हे काम पुढे काही महिने चालते. त्यात कमरेचे दुखणे नवे नाही. एकाएकी कंबर धरली, तर आपण ‘उसण भरली’ म्हणतो. पण कळ कमरेतून मांडी, पोटरी अशी पावलापर्यंत उतरली, तर वैद्य तिला ‘गृध्रसी’ म्हणतात. हे नाव कशावरून पडले?

संस्कृतात गृध्र म्हणजे गिधाड. चरकसंहितेत वातव्याधींमध्ये गृध्रसीचे वर्णन येते. कळ कुल्ल्यापासून पावलापर्यंत कोणत्या क्रमाने उतरते, तेही तेथे सांगितले आहे. असा रोगी दुखरा पाय जपत, अंग एका बाजूला झुकवून चालतो. जमिनीवरची गिधाडाची चालही अशीच अवघडलेली असते. त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात.

ग्रीकांनी मात्र चालीऐवजी जागा पाहिली. खुब्याला ते ‘इस्किऑन’ म्हणत. त्यावरूनच ‘सायटिका’ हा शब्द आला. दोन्ही नावे अचूक निरीक्षणातून आली, पण दुखण्याचे कारण दोन्हींत नाही. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुनो यांनी खुब्याच्या सांध्याचे दुखणे आणि मज्जातंतूचे दुखणे वेगळे करून दाखवले. पुढे १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी दाखवले, की मणक्यांमधली चकती फाटून सरकली की मज्जातंतूचे मूळ दाबले जाते. दुखावते कमरेत, कळ मात्र तो तंतू जेथवर जातो तेथवर जाणवते.

आता या शब्दातल्या पक्ष्याकडे वळू. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. २००४ मध्ये पाकिस्तानातील अभ्यासातून मुख्य कारण कळले : डायक्लोफिनॅक. माणसाच्या कंबरदुखीवर दिले जाणारे हे वेदनाशामक जनावरांनाही टोचले जाई. असे जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरत. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली.

ज्या पक्ष्याच्या चालीवरून दुखण्याला नाव मिळाले, तो पक्षी दुखण्यावरच्या औषधानेच दिसेनासा झाला! म्हणून वर्गात ‘गृध्रसी’ची फोड सांगताना गिधाडाचे चित्र दाखवावे लागेल; बहुतेक मुलांनी ते पाहिलेलेच नसेल. मोळीचे ओझे मात्र अनेक मुलांनी घरीच पाहिलेले असते. गोळीने कळ दबते, ओझे कमी होत नाही. नाव, कारण आणि उपाय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना समजावण्यासाठी हा एक शब्द पुरेसा आहे.